कोरडं धोतर

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसून माझे तेच ते किस्से एकवीस वर्षं ऐकणाऱ्या मित्राला तर नाहीच नाही. मी तसा पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे. एकदा लग्नाला म्हणून गेलो आणि शेजारच्या कार्यालयात दुसऱ्याच लग्नात जेवून, नवरानवरीसोबत फोटो काढून परत आलो, हे मीच सगळ्या अपार्टमेंटला सांगितलं. माझ्या फजित्या मी दुसऱ्या कुणाला सांगू देत नाही, स्वतःच सांगतो. ही एक मात्र सांगायला बसलो की जीभ भलतीकडेच वळते. आत्ताही वळणार आहे— बघाच तुम्ही.

तर आधी मांजर.

तुमच्याकडे मांजर आहे का? असेल तर पुढचं तुम्हाला समजावायला नको. नसेल तर एवढंच सांगतो, की पाच-सहा शेरांचं हे जनावर एका चांगल्या चालत्या घराला असं नाचवू शकतं, की शेवटी घरातला कर्ता पुरुष सकाळी सहा वाजता गुडघ्यांवर बसून कोचाखाली नाक घालून वास घेत असतो. तो कर्ता पुरुष मी.

आमच्या मुलीनं, ईश्वरीनं, तिला शाळेतून येताना उचलून आणलं. ईश्वरी तेव्हा सातवीत. पिल्लाचा रंग बरोबर शेंगाचटणीसारखा, कुटून वर थोडं तिखट जास्त झालेल्या, म्हणून नावही चटणी. आमचं घर जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. खाली कुत्री. म्हणजे मांजर बाहेर जाऊन उरकून येईल ही आशाच नाही. सगळं घरात. माझी बायको सुवर्णा सकाळच्या शाळेत शिकवते, आणि शिस्त ही गोष्ट ती शाळेतच ठेवून घरी येत नाही. तिनं पहिल्याच दिवशी कंबरेवर हात ठेवून अट घातली होती.

"ज्या दिवशी ट्रेच्या बाहेर केलं, त्या दिवशी ही घराच्या बाहेर. आणि हिच्यासोबत तुम्हीसुद्धा, बघा मग."

ट्रे आणला. वाळू आणली. हो, मांजरासाठी पिशवीतून विकत मिळते ती वाळू. चटणीनं दोन दिवसांत सगळं आत्मसात केलं. खड्डा करायचा, बसायचं, समोरच्या भिंतीकडे एखाद्या तत्त्ववेत्त्यासारखं बघायचं, उकरून झाकायचं, निघायचं. घरात सगळ्यात शिस्तीची तीच. पाच महिने एक थेंब इकडचा तिकडं नाही.

आणि मग मला कल्पना सुचली.

मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. तयार टॉवेल माझ्या टेबलावरून जातात. तुटका धागा, तेलाचा ठिपका, विरळ पट्टा दिसला की मी खडूनं खूण करतो आणि तो टॉवेल बाजूला काढतो. डाग पकडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढं माझी जास्त कीव येणार नाही. तर टॉवेल कातरताना कापसाचा मऊ भुगा आणि तुटक्या धाग्यांचे गुंते निघतात. कारखान्यात त्याला वेस्ट म्हणतात. पोतीच्या पोती. मऊ, पाणी शोषणारं, फुकट. मी ते बघितलं आणि मला वाटलं— अरे, आपण कापसाच्या शहरात राहतो आणि माती विकत आणतो? जेवणाच्या सुट्टीत मी यावर छोटंसं भाषणही केलं. एक पोतं स्कूटरवर पायांमध्ये ठेवून घरी आणलं, ट्रेमधली वाळू फेकली, वेस्ट भरलं.

चटणीनं वाकून वास घेतला. एक पंजा ठेवला. दुसरा ठेवला. आणि तिच्या तोंडावर असा भाव आला, की इतकी वर्षं हे कुठं होतं? इतकं सुख त्या जनावरानं आयुष्यात बघितलं नव्हतं. मीही छाती फुगवून फिरलो. पंधरा दिवस.

आता मला सांगा, सोलापूरचं एखादं घर तुम्ही आतून बघितलंय का? दिवाणावर चादर. चादरीखाली जुनी चादर. दिवाणाच्या पाठीला टॉवेल. टीव्हीवर टॉवेल. उशीला टॉवेलचे अभ्रे. पाय पुसायला फाटक्या टॉवेलचं पायपुसणं. पाहुणा आला तर चादर देतो, गेला तर चादर देऊन पाठवतो. अशा घरात राहून मी त्या मुक्या प्राण्याला पंधरा दिवस पद्धतशीर काय शिकवलं? मऊ सूत म्हणजे संडास! आणि मग तिला त्या घरात मोकळं सोडलं.

पहिला बळी पायपुसणं. तेव्हा मी म्हटलं, चुकून. दुसरा माझा आंघोळीचा टॉवेल, खुर्चीवरून घसरून पडलेला. तिसरा— तो आठवला की अजून डोकं फिरतं— सुवर्णानं इस्त्री करून ठेवलेल्या उशीच्या अभ्र्यांची थप्पी, बरोबर मधोमध, आणि केल्यावर बाईसाहेब कोरड्या फरशीवर पंजानं उकरून झाकल्याचं नाटक करत होत्या. मी प्रत्येक वेळी सुवर्णाच्या आधी पोचलो. अट आठवत होती ना! मांजर जाईल, मुलगी रडेल, आणि "वेस्ट कुणाची अक्कल?" या प्रश्नाला मला उत्तर द्यावं लागेल. मग चोरून धुणं आलं. चोरून धुवायचं तर पाणी कुठं आहे? आमच्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी एकदा. बायको प्रत्येक बादलीवर नजर ठेवून असते. मी आंघोळ एका तांब्यात उरकायचो आणि माझ्या वाटचं पाणी मांजराच्या पापासाठी वापरायचो. उन्हाळ्यातल्या सोलापुरात, बिनआंघोळीचा, हातात मांजराच्या मुताचे अभ्रे— असा मी!

उपाय सगळे केले. लिंबाची सालं. डांबरगोळ्या. व्हिनेगर, ज्याच्यामुळं घराला लोणच्याचा वास यायला लागला आणि मांजराचा गेला नाही. ट्रे बाथरूमजवळून गॅलरीत, गॅलरीतून पॅसेजमध्ये. वेस्ट काढून पुन्हा वाळू भरली, तर तिनं वाळूकडं असं बघितलं, जसं मऊ गादीवर निजायची सवय लागलेल्याला कुणी खडीवर झोप म्हणावं.

किस्सा म्हणून हा किती चांगला आहे, सांगा? आणि मी तो कुणाला सांगू शकत नाही! चार वर्षं! माझ्यासारख्या माणसाला ही केवढी शिक्षा. कारण याला पुढचा भाग चिकटलेला आहे. तो सोडवून वेगळा करता येत नाही. करून बघितलं मी.

पुढचा भाग म्हणजे अप्पा.

अप्पा माझे वडील. तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. मार्केट यार्डात त्यांचं ज्वारीचं दुकान होतं. मूठभर ज्वारी हातावर घेऊन, डोळे मिटून, "ही वळसंगची" किंवा "ही करकंबची" असं सांगायचे, आणि बरोबर असायचं. धोतर नेहमी पांढरंफेक. कपाळावर विभूती, सरळ ओळीत, पट्टीनं आखल्यासारखी. आजारपण वगैरे काही नाही. एक नाक तेवढं कामातून गेलेलं. पन्नास वर्षं तपकीर ओढल्यावर नाकाला काय कळणार? घरात वरण लागलं तरी त्यांना शेवटी धूर बघूनच कळायचं. झोपायचे हॉलमध्ये दिवाणावर. खाली गादी, गादीवर दुमडलेली जाड सोलापुरी चादर. पहाटे उठायचे, बाथरूमला जायचे, येऊन अंथरुणावर बसून हळू आवाजात देवाची कन्नड वचनं म्हणायचे, आणि मग चहा.

आता तुम्हाला अंदाज आलाच असेल. मला माहीत आहे तुम्हाला आलाय. पण तुम्हाला वाटतंय तेवढंच नाहीये ते.

एका सकाळी, साडेपाचची वेळ, मी पाणी प्यायला हॉलमधून चाललो होतो. बाथरूममध्ये दिवा, आत अप्पा. आणि त्यांच्या अंथरुणावर, चादरीच्या मधोमध, त्यांच्या अंगाची ऊब होती बरोबर त्या जागी, चटणी. बसलेली. भिंतीकडे बघत. तत्त्ववेत्ती! मी दोन्ही हात वर करून धावलो, ती उडी मारून कपाटावर. मी चादर ओढणार, तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं. अप्पा आले. मला बघून म्हणाले, "लवकर उठलास रे, बसू,"— बसू म्हणजे मी— आणि बसले. बसताना त्यांनी हात टेकला.

हात ओल्यात गेला.

त्यांनी हात उचलून बघितला. मग अंथरुणाकडं बघितलं. मग माझ्याकडं. तुम्ही कधी बापाला घाबरलेलं बघितलंय? मी तोपर्यंत नव्हतं बघितलं.

"बसू," ते एकदम हळू म्हणाले, "माझ्यानं झालं वाटतं रे हे."

माझं तोंड उघडं होतं. "अहो, चटणीनं केलं ते"— चार शब्द. जिभेवर होते. स्वयंपाकघरात सुवर्णा शाळेच्या गडबडीत चहा ठेवत होती, मधे फक्त पडदा. चार शब्द पडद्यापलीकडं गेले असते. मग मांजर, मग वेस्ट, मग इतके दिवस लपवलेलं सगळं. मी एका क्षणात एवढा सगळा विचार केला. इतर वेळी मला एवढं पटकन सुचत नाही.

मी म्हणालो, "असू दे अप्पा. वयात होतं."

किती समजूतदार वाक्य! ऐकणाऱ्याला वाटेल, काय मुलगा आहे.

इथंच थांबावं असं मला अजून वाटतंय. एवढ्यावर तुम्ही मला भित्रा म्हणाल, बायकोला घाबरणारा म्हणाल, आणि थोडं हसालही. पण त्या सकाळी अप्पा उठून उभे राहिले. त्यांनी स्वतःचं धोतर पुढून चाचपलं, मागून चाचपलं. दोनदा. आणि त्यांच्या तोंडावर थोडा जीव आला. आयुष्यभर मालाची पारख केलेला माणूस तो!

"पण धोतर कोरडं आहे की रे," ते म्हणाले.

म्हणजे त्यांनी स्वतःच दार उघडलं होतं. मला ते शोधायचंसुद्धा नव्हतं, नुसतं "हो की" म्हणायचं होतं. त्यांनी चादर बघितली असती, कपाटावर बसलेली मांजर बघितली असती, आणि ते हसले असते. मला वाटतं, मोठ्यानं हसले असते.

मी म्हणालो, "उन्हाळा आहे अप्पा. पातळ धोतर, वर पंखा. वाळलं असेल."

हा माझा गुन्हा. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. पहिलं वाक्य मी घाबरून बोललो, हे मी विचार करून बोललो. त्यांनी पुन्हा एकदा धोतराला हात लावला आणि "हां... वाळलं असेल," म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताला खोटं ठरवलं.

मी चादर उचलून धुवायला नेली. दुसरं काय करणार, पुरावा होता तो! सुवर्णा बाथरूमच्या दाराशी आली, मी मान खाली घालून म्हणालो, "अप्पांचं... जरा झालंय. तू काही बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल." तिचे डोळे भरून आले. ती बादलीवर बादली पाणी देत राहिली, मोजलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणाला सुनेनं नाक लावू नये म्हणून ती लांबच राहिली, त्यामुळं वासाचा प्रश्न मिटला. मिटला! असा शब्द मी मनात वापरला तेव्हा.

पुढच्या अडीच महिन्यांत हे आणखी पाच वेळा झालं. चटणीला कोंडून बघितलं, तर ती दार असं खरवडायची की सगळी इमारत उठेल. अप्पा बाथरूमला गेले की ती टपून असायची, गरम अंथरूण म्हणजे तिची चैन. मी लसीच्या नावाखाली तिला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसायला लागले. "अहो, तिचा काय दोष? तुम्हीच शिकवलंय तिला." मग वेस्टमध्ये रोज थोडी थोडी वाळू मिसळायची, वेस्ट कमी करत न्यायचं. पहिलीतल्या पोराला बाराखडी घोटवून घ्यावी तसं. आषाढाच्या सुमारास ती पुन्हा सरळ वाळूवर गेली. आजतागायत एक थेंब बाहेर नाही.

पण तोपर्यंत मी अप्पांना माणसांच्या डॉक्टरकडंही नेलं होतं. सुवर्णाच मागं लागली. "दाखवा तरी, बिचारे किती ओशाळे होतात." डॉक्टर म्हणाले, या वयात असतं थोडं, आणि रोजची एक गोळी लिहून दिली. चटणी सुधारली त्याच सुमाराला. म्हणजे घरात काय ठरलं? गोळी लागू पडली. गोळीनं अप्पांना उठताना चक्कर यायची, पण लागू पडलेली गोळी बंद कोण करतो? अप्पांनी संध्याकाळी पाचनंतर पाणी सोडलं. सोलापुरात! मे महिन्यात ओठ सुकलेले, आणि विचारलं तर म्हणायचे, "तहान नाही." रबराचं कापड आणायला त्यांनी स्वतः सांगितलं. बायकांसमोर नको म्हणून मला जिन्यात गाठून सांगितलं.

आणि मी? मी आदर्श मुलगा झालो. गच्चीवर ती जाड चादर पिळताना खालच्या मजल्यावरच्या येमूलकाकूंनी मला बघितलं. ओली सोलापुरी चादर एकट्यानं पिळून बघा कधी, म्हशीला कुस्तीत पाडण्यासारखं आहे. काकूंनी विचारलं, सुवर्णानं कुजबुजत सांगितलं, आणि दोन दिवसांत अख्ख्या इमारतीत झालं. काकू म्हणाल्या, "आमची दोन पोरं हैत, पुण्याला. एक तरी असं करंल का? नशीब लागतंय बाबा." कारखान्यात कळलं. माझी चेष्टा करणारे लोक माझ्याशी अदबीनं बोलायला लागले. तुम्हाला खरं सांगू? मला ते आवडलं. जन्मभर ज्याच्यावर सगळे हसले, त्याला पहिल्यांदाच कुणी चांगला म्हणत होतं. मी चादर जरा जास्तच दिसेल अशी वाळत घालायला लागलो. हे लिहिताना हात थांबतोय, पण घालत होतो.

आता अक्का.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, दिलेली वळसंगला. त्यांची आई लवकर गेली, म्हणून अक्कानंच अप्पांना वाढवलं. दर श्रावणात अप्पा आठ-दहा दिवस तिच्याकडं राहायला जायचे. सोमवारी दोघं देवळात, बाकीचे दिवस ओट्यावर बसून कन्नडमध्ये भांडण. ऐंशी ओलांडलेली बहीण त्या अठ्ठ्याहत्तरच्या भावाला "लेकरा" म्हणून भाकरी वाढायची. त्या वर्षी श्रावण आला, तेव्हा चटणी बरी होऊन महिना झाला होता. अप्पा म्हणाले, "मी जात नाही. गुडघे धरतात."

गुडघ्यांना काही झालं नव्हतं. अक्काच्या अंथरुणावर काही झालं तर, ही भीती. त्यांना वाटायचं, गोळी आपल्या घरी चालते, दुसऱ्याच्या घरी चालेलच असं नाही. अक्काचा फोन यायचा. तिला वाटे वळसंगहून सोलापूरपर्यंत आवाज स्वतःच पोचवायचा असतो. "याक बरवल्ली?" का येईना झालास, असं विचारायची. अप्पा नुसते "हूं, हूं" करायचे. एकदा ती मला म्हणाली, "बसू, तुझा बाप माझ्यावर रुसलाय काय रे? मी काय बोलले बग तरी त्याला, मला आठवंना." मी म्हणालो, "नाही अक्का, गुडघे."

तेव्हा सांगता आलं असतं की! मांजर सुधारलेली, सुवर्णाचा राग फार तर आठ दिवस टिकला असता, ईश्वरीला आता कुणी चटणीपासून तोडलं नसतं. भ्यायचं काहीच कारण उरलं नव्हतं. मग का नाही सांगितलं? मांजरासाठी नाही, मुलीसाठी नाही. त्या येमूलकाकूंसाठी. कारखान्यातल्या अदबीसाठी. आपण चांगले आहोत असं लोकांना वाटतंय, ते तसंच राहावं म्हणून. दुसरं कारण मी खूप शोधलं, मिळालं नाही.

पुढच्या श्रावणातही अप्पा गेले नाहीत. मार्गशीर्षात अक्का गेली.

आम्ही वळसंगला पोचलो, तेव्हा आमच्यात गेलेल्या माणसाला बसवतात तशी अक्काला भिंतीशी टेकवून बसवली होती, गळ्यात हार, कपाळभर विभूती. अप्पा तिच्यासमोर बसले आणि उठेचनात. अक्काचा मुलगा शिवानंद शेती करतो, मनात येईल ते तोंडावर बोलणारा माणूस. तो रडत रडतच म्हणाला, "मामा, लई वाट बगितली की तिनं तुमची. दोन श्रावण. रोज ओट्यावर बसायची. आमी म्हनायचो, येतील, येतील. काय चुकलं हुतं आमचं, सांगा तरी?"

सगळे अप्पांकडं बघत होते. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यावर संशय नव्हता त्या बघण्यात, उलट आधार मागत होते. हे आपल्या दोघांतलं आहे, तू बोलणार नाहीस ना, असं. मी मान हलवली. मग ते शिवानंदला म्हणाले, "गुडघे रे बाबा. गुडघ्यांनी मारलं मला."

शिवानंदनं मान फिरवली. त्याला ते पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही. तो आमच्याकडं येत नाही.

परत येताना गाडीत पुढं मी आणि अप्पा. सुवर्णा आणि ईश्वरी मागं झोपलेल्या. वाटेतलं कुंभारी गाव मागं पडलं. मग अप्पा खिडकीबाहेर बघत बोलायला लागले, हळू, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"बसू, मी विचार करत होतो. माझ्या वडलांनाबी असणार हे. शेवटी शेवटी ते कुणाकडं मुक्कामाला जात नव्हते. आम्हाला वाटायचं तिरसट झालेत. आता कळतंय." थोडं थांबले. "आपल्यात असतं म्हण की हे. तुलाबी होईल कदाचित, माझं वय झाल्यावर. झालं तर लाजू नको. मी लाजलो म्हणून अक्का गेली माझी. तू मला एका शब्दानं कधी टोचलं नाहीस रे. तुला कुणी तसंच सांभाळो."

मी स्टेअरिंग धरून "हं" म्हणालो.

याला दोन वर्षं होत आली. अप्पा ब्याऐंशीचे आहेत, त्यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. सांगितलं तर त्यांना एका वाक्यात समजेल. मी त्यांना सांगितलेलं नाही. हे लिहून झाल्यावर सांगणार आहे, असंही मी म्हणत नाही.